अठ्ठावीसचं टायर

फोन आला तेव्हा मी गच्चीवर होते. आमच्या घरात नेटवर्क येत नाही. गावी राहून काम करायचं तर पाण्याच्या टाकीमागचा कोपरा हेच माझं ऑफिस. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. खाली ओसरीत वेचून आणलेला कापूस पडला होता आणि मी मीटिंगमध्ये माझी पाळी यायची वाट बघत बसले होते.

‘मी तुझ्या जिल्ह्यात आहे,’ तो म्हणाला, ‘आणि माझं टायर फाटलंय.’

तो म्हणजे आमच्या कंपनीच्या जर्मनीतल्या ऑफिसातला सहकारी. तीन वर्षं आम्ही एकाच कोडवर काम करतोय, प्रत्यक्ष भेट मात्र एकदाच झालेली. चार आठवड्यांची सुट्टी काढून, विमानात सायकल टाकून तो आला होता. संभाजीनगरहून निघायचं, वेरूळ, अजिंठा, लोणार, औंढा नागनाथ, नांदेड, बिदर आणि हैदराबादहून परत, असा बेत. सप्टेंबरमध्ये त्याने मला नकाशा पाठवून ‘तू तिकडचीच ना, काही सुचव’ म्हणून विचारलं होतं. मी पाच मिनिटांत उत्तर दिलं होतं. लोणार बघून झालं की जालन्याला परत जा आणि तिथून थेट नांदेडची रेल्वे पकड. मध्ये काही नाही.

मध्ये माझं घर होतं.

पुण्यात कुणी ‘गाव कुठलं?’ विचारलं की मी ‘औरंगाबादजवळ’ म्हणते. शहराचं नाव बदललं तरी माझी सवय तीच राहिली. परभणी म्हटलं की समोरचा एकतर ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणतो, नाहीतर ‘ते नक्की कुठे आलं?’ असं विचारतो. जिंतूर म्हटल्यावर तर तेवढंही विचारत नाही. माझ्या सहकाऱ्याने माझा सल्ला वाचला, आभार मानले आणि तो लोणारहून मंठामार्गे सरळ जिंतूरच्या रस्त्याला लागला. ‘मध्ये काही नाही’ हे त्याला भारी वाटलं होतं म्हणे. वाहनं कमी असतील, असा त्याने अर्थ काढला.

चुलतभावाचा छोटा हत्ती घेऊन आम्ही निघालो. चारठाण्याच्या अलीकडे, रस्त्याचं काम चालू होतं तिथे, लिंबाच्या झाडाखाली तो बसलेला दिसला. त्याच्याभोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती. कुणीतरी त्याला हरभऱ्याचे टहाळे दिले होते आणि तो एकेक घाटा फोडून खात होता. खडीत रुतलेल्या पत्र्याने मागच्या टायरची बाजू चांगली तीन बोटं कापली होती. ट्यूब त्यातून फुग्यासारखी बाहेर यायची. पंक्चर काढायचं सगळं सामान, दोन सुट्या ट्यूब, पान्यांचा संच, चेनची जादा कडी असं सगळं त्याच्याजवळ होतं. फाटलेल्या जागी आतून दहाची नोट घडी करून लावायची युक्तीसुद्धा त्याने करून पाहिली होती. ती नोट दोन किलोमीटर टिकली. नव्हतं ते फक्त सुटं टायर. अर्धा किलो वजन वाचवण्यासाठी त्याने ते घरी ठेवलं होतं, आणि हे सांगताना तो लाजला.

डर्व्हला मर्फी ही आयरिश बाई 1963 साली सायकलवरून युरोप, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून दिल्लीला आली होती. निघण्यापूर्वी तिने दोन गोष्टी केल्या. आशियातल्या रस्त्यांवर गिअर टिकणार नाहीत म्हणून ते काढून टाकले आणि सुटे टायर वाटेवरच्या वकिलातींच्या पत्त्यावर आधीच पोस्टाने पाठवून दिले. माझ्या सहकाऱ्याने तिचं पुस्तक वाचलेलं होतं. पण आता 2020 नंतरचं जग आहे, सगळं सगळीकडे मिळतं, असा त्याचा समज. माझाही तोच होता. म्हणून तर मी गाडीत बसल्या बसल्या जिंतूरच्या एका दुकानाचा नंबर मिळवून फोन लावला.

‘अठ्ठावीसचं टायर मिळंल का?’

‘कितीबी.’

मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या टायरवर ‘28’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

जिंतूरच्या दुकानातलं टायर काळं, जाड, दणकट. दुकानदाराने त्यावरचा आकडाही दाखवला, अठ्ठावीस बाय दीड. माझ्या सहकाऱ्याने ते हातात घेतलं, आपल्या रिंगवर धरलं आणि मान हलवली. टायर रिंगवर सैल लोंबत होतं. दुकानदाराला वाटलं, गोऱ्याला माल पसंत नाही. त्याने दुसऱ्या कंपनीचं काढलं. तेही तसंच.

घरी आल्यावर मी हे गणित नीट समजून घेतलं. आपल्याकडची जुनी काळी सायकल, जिला शहरात कुणी दूधवाल्याची म्हणतं, तिची रिंग जिथे टायर धरते तिथला व्यास 635 मिलिमीटर असतो. त्यावर दीड इंच, म्हणजे 38 मिलिमीटर जाडीचं टायर चढवलं की वरच्या आणि खालच्या बाजूचे मिळून 76 मिलिमीटर वाढतात. बेरीज 711, म्हणजे बरोबर अठ्ठावीस इंच. हे इंग्रजी माप. माझ्या सहकाऱ्याच्या रिंगचा व्यास 622. ते मूळचं फ्रेंच माप, त्याचं खरं नाव 700 सी. 39 मिलिमीटरचं टायर धरलं तर बाहेरचा व्यास होतो 700 मिलिमीटर, साडेसत्तावीस इंचांच्या थोडा पुढे. जर्मनीत त्यालाही अठ्ठावीसच म्हणतात. दोन्ही आकडे बाहेरून मोजलेले, टायर बसतं ते मात्र आतल्या मापावर, आणि आत तेरा मिलिमीटरचा फरक. एकाच नावाच्या दोन फायली असल्या की कोड कसा गडबडतो ते मला रोज दिसतं, पण तिथे निदान लाल अक्षरांत चूक तरी येते. इथे दुकानदार, गिऱ्हाईक आणि टायर, तिघंही खरं बोलत होते.

पुढची गंमत परभणीत फोन केले तेव्हा झाली. तिथल्या एका दुकानात हल्लीच्या पोरांच्या जाड टायरच्या सायकली होत्या, सव्वीस, साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंची. हे ऐकून माझा सहकारी उडालाच. एकोणतीसची रिंग म्हणजे पुन्हा 622! म्हणजे जिंतूरचं अठ्ठावीस हे त्याचं अठ्ठावीस नव्हतं आणि परभणीचं एकोणतीस होतं. पण त्या टायरची जाडी दोन इंचांच्या वर. त्याच्या सायकलच्या मागच्या चिमट्यात ते फिरलंच नसतं. आम्ही जिथे होतो तिथेच राहिलो.

मग मी पुण्यातल्या मैत्रिणीला कामाला लावलं. तिने संध्याकाळी दुकान गाठून बरोबर मापाचं टायर घेतलं आणि दुसऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परभणीला पाठवायचं कबूल केलं. म्हणजे हातात पडणार तिसऱ्या दिवशी. हैदराबादच्या विमानाची तारीख ठरलेली होती. दोन दिवस गेले तर बिदर तरी सोडावं लागणार होतं. त्याने नकाशा उघडला आणि शांतपणे म्हणाला, ‘तू म्हणाली होतीस तसं करतो. परभणीहून रेल्वेने नांदेडला जातो.’

खरं तर मी सुटल्यासारखी व्हायला हवी होते. माझाच सल्ला होता तो. पण मला एकदम राग आला, आणि कुणाचा ते कळेना. मी म्हणाले, ‘आधी चाचाकडे जाऊ.’

चाचांचं दुकान बस स्टँडच्या मागच्या बाजूला आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड. मी आठवीत असताना मला शाळेतून सायकल मिळाली. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळायच्या, त्यातली. आमच्या गावापासून जिंतूरची शाळा चार किलोमीटर. एकाच दिवशी, एकाच रंगाच्या इतक्या सायकली गावात आल्या की रात्री बाहेर उभ्या केल्या तर सकाळी आपली कुठली ते कळायचं नाही. आम्ही हँडलला वेगवेगळ्या रंगाच्या रिबिनी बांधल्या. नट ढिले, ब्रेक लागेना, सीट खाली सरकायची. पहिल्या आठवड्यात सगळ्या मुली चाचांकडे रांगेत. पुढची चार वर्षं हवा, पंक्चर, चेन उतरणं, ब्रेकचे रबर, चाकाचा आऊट काढणं, सगळं तिथेच.

चाचांनी मला ओळखलं नाही. मी गावाचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, शाळेचं सांगितलं. ‘हौ, हौ,’ म्हणत राहिले, पण नजर सायकलवर. थोड्या वेळाने म्हणाले, ‘त्या सरकारी सायकली? लई कच्च्या होत्या. समद्यांचे नट म्याच कसले.’ सायकली आठवत होत्या, पोरी नाही. मला जरा लागलं. पण रोज तीस मुलींचे चेहरे कुणी लक्षात ठेवायचे?

त्यांनी टायरच्या फाटलेल्या जागेतून बोट आरपार घातलं.

‘नवं कामून पायजे? गेटर मारतो.’

माझा सहकारी माझ्याकडे बघायला लागला. गेटर मला तरी कुठे माहीत होतं. आम्हा पोरींच्या सायकलींचं टायर फाटेपर्यंत कधी आलंच नाही. गेटर म्हणजे टायरला आतून लावायचं टायरचंच ठिगळ. ट्रकवाले वापरतात, बैलगाडीला टायरची चाकं असतात त्यांनाही मारतात. चाचांनी कोपऱ्यातून एक जुनं टायर ओढून काढलं, त्याच्या बाजूची पातळ, पण आतून कापड असलेली पट्टी सुरीने कापली आणि तिच्या कडा कानसीने इतक्या घासल्या की त्या हळूहळू पातळ होत शून्यावर आल्या. ‘कड जाड राहिली की ट्यूबला खाती,’ ते म्हणाले. मग आरी घेतली, मेण लावलेला दोरा घेतला आणि चांभार चप्पल शिवतो तशी फाटलेली बाजू शिवली. टाके फार जवळ घालायचे नाहीत, नाहीतर तिथूनच पुन्हा फाटतं. आतून घासून, सोल्यूशन लावून, वाळू देऊन, गेटर चिकटवलं आणि वर ठोकलं. एकूण तासभर गेला असेल. त्यातली वीस मिनिटं सोल्यूशन वाळायची वाट बघण्यात. तेवढ्या वेळात त्यांनी एका पोराच्या सायकलचं पंक्चर काढून दिलं.

ट्यूब भरताना एक अडचण आली. त्यांच्या कॉम्प्रेसरचं तोंड आमच्या पाहुण्याच्या सुईसारख्या व्हॉल्ववर बसेना. त्याने स्वतःचा छोटा पंप काढला. चाचांनी आपल्याकडची ट्यूब दाखवली. तिच्या पितळी व्हॉल्वमध्ये ती बारकी रबरी नळी असते, जिला आम्ही व्हॉल्व ट्यूब म्हणतो. पन्नास पैशांत मिळायची एकेकाळी. ती बघून माझा सहकारी हसला. त्याच्या आईच्या सायकलला अजून असाच व्हॉल्व आहे, बाजारात जायच्या सायकलींना तिकडे तोच लागतो. मी भाषांतर केलं. चाचांना त्यात विशेष काही वाटलं नाही. ‘मग असंलच की. चांगला व्हॉल्व हाय.’

काम झालं असं वाटून मी उठले, तर ते चाक फिरवत बसले होते. एकेक तार अंगठ्याने दाबत होते. सतरा-अठराव्या तारेला थांबले. गिअरच्या बाजूची एक तार हबजवळच तुटलेली होती, नुसती अडकून राहिली होती. माझ्या सहकाऱ्याला पत्ताच नव्हता. त्याने ताबडतोब सायकलच्या नळीला टेपने चिकटवलेल्या दोन सुट्या तारा काढल्या, अगदी बरोबर मापाच्या. मोठ्या अभिमानाने. आणि मग त्याच्याच लक्षात आलं की त्या बाजूची तार ओवायची तर आधी गिअरचे दात काढावे लागतात, आणि ते काढायचा पाना त्याच्याकडे नाही. वजन वाचवलेलं.

चाचांनी दातांकडे एकदा पाहिलं, आपल्या संचातला एकही पाना तिथे चालणार नाही हे ओळखलं आणि डब्यातून एक लांब तार काढली. काळ्या सायकलची. तिचं गोल डोकं तोडलं, त्या टोकाला पकडीने दोनदा उलटसुलट वाकवून आकडा केला आणि तो आकडा दातांच्या फटीतून हबच्या भोकात अडकवला. डोकं नाही, त्यामुळे ओवायची गरजच नाही. दुसऱ्या टोकाला आटे होतेच. आपलाच निपल लावला, कसला, चाक फिरवून आऊट काढला. जगभर लांब पल्ल्याचे सायकलवाले हीच युक्ती करतात, असं माझा सहकारी नंतर म्हणाला. त्याने तिचा व्हिडिओही पाहिला होता. चाचांनी पाहिलेला नसावा.

आम्ही चहा घेत होतो तेव्हा त्याला कोपऱ्यातल्या एका डब्यात पाचरीसारख्या लोखंडी खुंट्या दिसल्या. एका बाजूने तासलेल्या, टोकाला आटे. हे काय, त्याने विचारलं. ‘कॉटर पिन,’ मी म्हणाले. क्रँक आसाला धरून ठेवणारी पिन. त्याने आजोबांच्या सायकलला पाहिली होती, पण हातात कधी घेतली नव्हती. ती झिजली की क्रँक सैल होते, पायडल मारलं की आधी रिकामं फिरतं आणि मग झटका देऊन पकडतं. तशी सायकल चालवत राहिलं तर आतला आसही खराब होतो. हे मला इतकं तपशिलात माहीत आहे याचं त्याला आश्चर्य वाटलं.

मला ते माहीत आहे कारण माझ्या वर्गात तांड्यावरची एक मुलगी होती. आमच्या गावाच्या पुढे तिचा तांडा, म्हणजे तिला माझ्यापेक्षा लांब पडायचं. तिला तीच सायकल मिळाली होती, जांभळ्या रिबिनीची. नववीत दिवाळीनंतर तिचे आईवडील नेहमीसारखे ऊसतोडीला गेले. ती आजीजवळ राहिली, शाळेसाठी. आणि त्याच महिन्यात तिची पिन गेली. काही दिवस तिने तशीच झटके खात सायकल चालवली. मग एक दिवस क्रँकच हातात आली. पिन तेव्हा दहा रुपयांची होती, बसवायचे आणखी दहा. पण सायकल जिंतूरपर्यंत ढकलत आणायची, आजीकडून पैसे घ्यायचे, दुपारी शाळा सोडून चाचांकडे बसायचं. ती आठवडाभर चालत आली. मग आली नाही. संक्रांतीच्या सुमारास कळलं की आजीने तिला आईवडिलांकडे पाठवलं, कारखान्यावर. ती परत वर्गात दिसली नाही. दोन वर्षांनी लग्न झालं.

पिनेमुळे शाळा सुटली असं मी म्हणणार नाही. आजी आजारी होती, कोयता घेतलेल्या घरात हात कमी पडत होते, मोठ्या मुलीला एकटं ठेवायची भीती होती. पिन नसती गेली तरी कदाचित हेच झालं असतं. पण मी रोज, सकाळी आणि संध्याकाळी, चाचांच्या दुकानासमोरून जात होते. पिन विकत घेऊन दप्तरात टाकून नेणं मला जमण्यासारखं होतं. हातोडीने ठोकायची असते ती, आमच्या घरी हातोडी होती. तिने मला तसं म्हटलंही होतं, ‘येताना एक पिन घिऊन ये ना.’ मी दोनदा विसरले. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही, मग विसरायचाही प्रश्न उरला नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं नाही. कॉटर पिन कशी काम करते तेवढं सांगितलं.

चाचांनी तीनशे रुपये मागितले. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, ‘चाचा, गेटरचे तीनशे?’

‘गेटर, तार अन् आऊट. पुण्यात किती घेतेत?’

मला माझ्या स्कूटीचं शेवटचं सर्व्हिसिंग आठवलं आणि मी गप्प बसले. पाहुण्याने पाचशेची नोट पुढे केली, चाचांनी दोनशे परत दिले. उरलेले ठेवा वगैरे तो म्हणाला, ते त्यांना कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी पैसे गल्ल्यात टाकून दुसरं चाक हातात घेतलं. शेजारच्या गाळ्यात त्यांचा मुलगा मोटारसायकलींचं काम करतो. दिवसभर गर्दी तिकडेच असते. 2020 साली जागतिक सायकल दिनी अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला, ती बातमी मी पुण्यात फोनवर वाचली होती आणि पुढे सरकवली होती. चाचांच्या शेडमध्ये अ‍ॅटलसची एक जुनी चेनपेटी खिळ्याला टांगलेली आहे. सुटे भाग लुधियानाहून येतात, ते अजून येतात, फक्त आता महिन्यातून एकदाच मागवावे लागतात, असं ते म्हणाले. माझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून म्हणाले, तक्रार म्हणून नाही.

रात्री तो आमच्या घरी राहिला. याचीच मला तीन वर्षं धास्ती होती आणि प्रत्यक्षात फारसं काही झालं नाही. मम्मीने ज्वारीच्या भाकरी केल्या, त्याने पिठलं तिखट लागूनही संपवलं. संडास घराच्या मागे आहे हे मी त्याला फार कसंनुसं होऊन दाखवलं, तो म्हणाला की तंबूपेक्षा बराच जवळ आहे. पप्पांनी त्याला कापसाचा भाव सांगितला आणि तिकडचा विचारला. तिकडे कापूस होत नाही म्हटल्यावर त्यांना त्याची कीव आली. गावातली अर्धी माणसं येऊन बघून गेली आणि आलेल्या प्रत्येकाने त्याला तेच सांगितलं, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’

परभणीत वाढलेल्या माणसाने ही म्हण हजार वेळा ऐकलेली असते. तिचा उगम विचारला तर प्रत्येक जण वेगळी गोष्ट सांगतो. पण खऱ्या जर्मन माणसाला ती ऐकवायची संधी आमच्या गावाला पहिल्यांदाच मिळाली होती आणि गावाने ती पुरेपूर वापरली. त्याला अर्थ हवा होता. मी म्हणाले, आम्ही आणि तुम्ही, बाकी कुणी नाही. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, ‘मग तू मला रेल्वेने जा का म्हणालीस?’

मी म्हणाले, रस्ता खराब आहे म्हणून. रस्ता खराब होताच.

सकाळी सहाला तो औंढ्याच्या रस्त्याने निघाला. मागच्या चाकाचा गेटर रस्त्यावर टेकला की बारीक ठक आवाज यायचा. वळणापर्यंत तो ऐकू येत होता. संध्याकाळी त्याचा औंढ्याहून मेसेज आला, गेटर ठीक. नांदेडहून आला, ठीक, तारही ठीक. नांदेडला बरोबर मापाचं टायर शोधता आलं असतं, पण त्याने शोधलं नाही. बिदरला त्याने बहमनी सुलतानांचा किल्ला पाहिला आणि फोटो मात्र मागच्या चाकाचा पाठवला. टाके किंचित सैल झाले होते, शिवण धरून होती. हैदराबादला पोचून सायकल खोक्यात भरताना त्याने ते टायर काढलं नाही. जर्मनीतल्या त्याच्या नेहमीच्या दुकानात सायकल नेली तेव्हा तिथल्या माणसाने गेटर पाहून विचारलं, हे कुणी केलं? आणि नवीन टायर घालायचं असेल तर अडीच आठवड्यांनंतरची वेळ मिळेल असंही सांगितलं.

पुण्याहून पाठवलेलं टायर तिसऱ्या दिवशी परभणीला आलंच होतं. पप्पा काही कामाने गेले होते, ते घेऊन आले. परत पाठवायचं म्हटलं तर दुकान घेईना, मैत्रीण म्हणे मी काय करू. आठवडाभर ते कापसाच्या गंजीवर पडून होतं. शेवटी पुण्याला परत जायच्या दिवशी मी ते चाचांकडे नेऊन दिलं. घेऊन ठेवा, कुणाला तरी लागेल, मी म्हणाले. त्यांनी आकडा वाचला, बोटाने आतली कड चाचपली.

‘हे तं त्या गोऱ्याचं माप.’

‘हो.’

‘जिंतुरात कुणालाच बसत नाय.’

‘हो.’

त्यांनी ते अ‍ॅटलसच्या चेनपेटीशेजारी दुसऱ्या खिळ्याला अडकवलं. मी पर्स उघडली, मग कॉटर पिनांचा डबा बघितला आणि विचारलं, एक पिन कितीला आहे आता.

‘वीस. कोणत्या सायकलला पायजे?’

मी म्हणाले, सायकल नाही, नुसती पिन द्या. त्यांनी डब्यातून दोन काढल्या, आटे बघितले, बरी होती ती कागदात गुंडाळून दिली. बस लागली होती. मी पिन पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि स्टँडकडे निघाले.